रुद्रम्माच्या गिरणीतला वर्ग

लोहाऱ्यात तहसीलच्या मागच्या गल्लीत बंडप्पाची पिठाची गिरणी हाय. तिथं दुपारच्या वक्ताला कुणी आलं, तर त्याला एक म्हातारी मोबाईलसमोर बसून कुणाला तरी फाडफाड बोलताना दिसंल. ती म्हातारी म्हंजे मी, सखूबाई. मला भांडखोर म्हणायच्या आधी जरा ऐकून घ्या. मी भांडत नसते, शिकवत असते. त्या मोबाईलमधी कर्नाटकातल्या पोरी असतात, इकडं लगीन ठरलेल्या, आन् मी त्यांची सासू असते. खरी न्हाय, शिकवणीतली. आमच्या वर्गात सासूचं काम माझ्याकडं हाय आन् ते मी मन लावून करते.

पण वर्ग माझा न्हाय. वर्ग रुद्रम्माचा, बंडप्पाच्या बायकोचा. आज सांगायचंय ते तिचंच. तिच्याबद्दल सांगाय बसले की माझा ऊर भरून येतो, तवा मधी कुठं जास्त बोलले तर सोडून द्या.

रुद्रम्मा आळंद तालुक्यातली. तिकडं कानडी, इकडं मराठी. आमच्या या भागात लिंगायतांच्या घरात तिकडच्या पोरी इकडं आणायची, इकडच्या तिकडं द्यायची रीत जुनी हाय. सोयरीक करताना सगळं बघतात. शेत बघतात, घर बघतात, जावई पितो का म्हणून चार ठिकाणी चौकशी करतात. पोरगी तिथं जाऊन कोणत्या भाषेत बोलणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत न्हाय. बंडप्पाच्या घरातलं कानडी त्याच्या आज्याबरोबरच गेलेलं. रुद्रम्मा लगीन होऊन आली तवा घरात तिच्याशी बोलायला एक माणूस नव्हतं. ती गप राहायची. गल्लीतल्या निम्म्या बायांनी ठरवलं की पोरगी गर्वाची हाय, आन् निम्म्यांनी ठरवलं की मुकी हाय.

मराठी ती गिरणीत शिकली. बंडप्पा गिरणीचा पट्टा बघायचा आन् ती डबे लावायची. बाया दळण घेऊन येणार, नंबर लागंस्तवर बसणार, आन् बसलेल्या बाया गप बसतात व्हय? गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून कुणाची सून, कुणाची म्हैस, कुणाचं काय, सगळं तिथं निघायचं. रुद्रम्मा हात चालवत ऐकायची. अक्षर तिला कुणी गिरवायला दिलं न्हाय, शाळा न्हाय, मास्तर न्हाय. निस्त्या कानानं शिकली बाई. आज तिचं मराठी ऐकाल तर ती बाहेरची हाय हे सांगितल्याबिगर कळायचं न्हाय. तरी स्वभाव तसाच राहिला. चारचौघांत पुढं होऊन बोलणार न्हाय. विचारलं तर सांगंल, न विचारलं तर हसंल.

तिची लेक पुण्याला दिली, तवा लेकीचं तोंड दिसावं म्हणून तिनं मोठा मोबाईल घेतला. व्हिडिओ कॉल शिकली, आवाज रेकॉर्ड करून धाडायला शिकली. एक दिवस तिच्या माहेरच्या गावातल्या एका पोरीचा फोन आला. तिचं लगीन उमरग्याकडं ठरलेलं आन् ती पार घाबरलेली. रुद्रम्मानं तिला सांगितलं, रोज दुपारी फोन कर. दुपारी गिरणी बंद असते. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आन् दोघींनी आपापल्या घरचं काम करत मराठीत बोलायचं. इकडं रुद्रम्मा लसूण सोलणार, तिकडं ती पोरगी लसूण सोलणार. हातात जी वस्तू, तोंडात तिचं नाव. ती पोरगी सासरी सुखानं नांदाय लागली, तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. मंग रुद्रम्मानं सगळ्यांना एकदम बोलवायची ती लिंक का काय ती शिकून घेतली. मोबाईलवर बारक्या बारक्या चौकटी आन् एकेका चौकटीत एकेक नवरी. व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, त्याचं नाव ‘सुनांची शाळा’.

मला तिनं कशाला ओढलं ते ऐका. म्हणाली, सखूबाई, माझ्याशी बोलताना पोरींना भ्या वाटत न्हाय, त्यामुळं खरी तयारी होत न्हाय, तुमी या. म्हंजे माझ्या जिभेची कीर्ती तिला मालूम होती. मी दोन दिवस रुसून बसले. मंग गेले, आन् पहिल्याच दिवशी त्या चौकटीतल्या पोरींची अशी हजेरी घेतली की एक पोरगी रडत उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली आन् मला मराठीत उत्तर दिलं. तवापासून मी वर्ग सोडला न्हाय. रुद्रम्मा माझं बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकते आन् पोरी ते घरी ऐकत बसतात. मागं एकदा लोहाऱ्याच्या स्टँडवर मी कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरून हुज्जत घालत होते, तर एक अनोळखी नवी नवरी येऊन पाया पडली. म्हणाली, आवाजावरून ओळखलं आत्याबाई. कंडक्टर बघतच राहिला. अशी मिजास करायला जिंदगीत दुसरी कुठली जागा मिळायची मला?

मल्लम्मा वर्गात आली ती मागल्या दिवाळीनंतर. ही पोरगी निराळी होती. गुलबर्ग्याला नर्सिंग शिकलेली, आळंदच्या एका दवाखान्यात कामाला. तिचं लगीन ठरलं नळदुर्गला. पोराचं नाव उत्कर्ष, हायवेला टायरचं दुकान हाय त्याचं. पोरगा समजदार, म्हणाला नोकरी सोडू नको. पण घरातल्या मोठ्या माणसांनी अट घातली. लग्नाच्या आधी नळदुर्गात नोकरी लागली तर करू दे, न लागली तर घरचं काम काय कमी हाय का, नंतर तो विषय पुन्हा काढायचा न्हाय. नळदुर्गात एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नर्स पायजे होती. डॉक्टरीणबाईंना कानडी येत न्हाय, पेशंट सगळे मराठी. मल्लम्माची नोकरी आता तिच्या मराठीवर टांगलेली.

पहिल्याच दिवशी तिनं रुद्रम्माला कानडीत काय सांगितलं, ते रुद्रम्मानं मला मराठी करून सांगितलं. “अक्का, मला सुई टोचता येते, सलाईन लावता येतं, अडलेल्या बाईला धीर देता येतो. भाषेपायी मी हे सगळं सोडून चुलीपुढं बसू का?”

त्या दिवसापासून रुद्रम्मानं तिच्यासाठी वर्गाचा वेळ वाढवला. पोरगी हुशार. एकदा सांगितलेलं विसरायची न्हाय. मी सासू होऊन विचारायची, पाणी भरलं का? ती म्हणायची, व्हय आत्याबाई, भरलं. मी म्हणायची, पाव्हण्यांना च्या दिला का? व्हय आत्याबाई, आत्ता देते. मी किती घाईनं बोलले, किती तिरकस बोलले, तरी तिला सगळं कळायचं आन् उत्तर कसं, खालच्या मानेनं, गोड आवाजात. म्या तर रुद्रम्माला सांगून टाकलं की या पोरीला कुठली सासू नावं ठेवणार न्हाय. दवाखाना तर हिच्या हातातच हाय, असं आमी दोघी धरून चाललो.

डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धा दिवस काम बघायला बोलवलं. भावासंगट ती नळदुर्गला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकटीत तिचं तोंड दिसलं. रडून रडून डोळे सुजलेले.

झालं होतं असं. काम तिचं चोख होतं. बीपी बघितलं, ड्रेसिंग केलं, हातात कसब हाय हे डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं. बोललेलं सगळं तिला कळतही होतं. पण पेशंट म्हणला पोटात दुखतंय, की ही म्हणायची, व्हय. पेशंट म्हणला ताप येतोय, ही म्हणायची, व्हय. मान खाली, आवाज गोड. कधीपासून दुखतंय, कुठं दुखतंय, काय खाल्लं होतं, एक सवाल तिच्या तोंडातून निघंना. एका बाईनं तर आपण होऊन सांगितलं की दुसऱ्या दवाखान्याची गोळी चालू हाय, तरी ही व्हय म्हणून पुढं गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं, भाषा तुला येते, पण तू पेशंटला काही विचारतच नाहीस, अशी नर्स माझ्या काय कामाची? तरी बाई भली. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा बघू म्हणाली. आन् लगीन त्याच्याच पुढल्या महिन्यात.

मल्लम्मानं फोन ठेवला. रुद्रम्मा पट्ट्याकडं बघत बसली. म्या डॉक्टरीणबाईंना नावं ठेवाय सुरू केलं तर तिनं हातानं गप केलं.

“सखूबाई, आपण तिला उत्तरं द्यायला शिकवलं,” ती म्हणाली. “विचारायला शिकवलंच न्हाय.”

मंग तिनं जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. तिची लेक बारकी असताना तापानं फणफणली होती. बंडप्पा बाजाराला गेलेला, म्हणून ती एकटी दवाखान्यात घेऊन गेली. तवा तिला मराठी कळाय लागलं होतं. डॉक्टर काय काय बोलला, त्यातलं थोडं सुटलं, पण ही व्हय म्हणाली आन् बाटली घेऊन घरी आली. औषध किती द्यायचं, कितीदा द्यायचं, ते विचारलंच न्हाय. बंडप्पा येईस्तवर लेकराला मांडीवर घेऊन, बाटली हातात धरून बसून राहिली. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं. आन् आता तेच ती दुसऱ्या पोरींना शिकवत बसली होती, तेबी एवढ्या मायेनं.

मला असा संताप आला की काय सांगू. कुणाचा आला ते कळंना, म्हणून मी कोपऱ्यातला रिकामा डबा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात आपटला. रुद्रम्मा म्हणाली, डबा गल्लीतल्या सखारामच्या घरचा हाय, चेपला तर तुमीच सांगा त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वर्ग उलटा केला. आता मोबाईल दुपारी न्हाय, सकाळी लागणार, गिरणी चालू असताना, दळणाच्या रांगेसमोर. मोबाईल पोत्याच्या थप्पीवर उभा केला. जी बाई दळण घेऊन येईल तिला मल्लम्मानं विचारायचं आन् त्या बाईनं सांगायचं. बंडप्पा म्हणाला, अगं गिऱ्हाईक पळंल. रुद्रम्मा नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेलेली न्हाय. पण त्या दिवशी तिनं मोबाईल हलवला न्हाय.

पहिले दोन-तीन दिवस मल्लम्माच्या तोंडातून आवाजच फुटंना. बाया मोबाईलपुढं उभ्या आन् ती मान खाली घालून गप. रुद्रम्मानं तिला सांगितलं, मान वर कर, बाईच्या डोळ्यात बघ, आन् उत्तर कळलं न्हाय तर पुन्हा विचार. पुन्हा विचारणं म्हंजे उलट बोलणं न्हाय. मल्लम्मानं गुडघा धरून उभ्या असलेल्या एकीला हळू आवाजात विचारलं, मावशी, तुमचा गुडघा कधीपासून दुखतोय? आन् दळण घेऊन आलेल्या त्या बाईनं जे सांगाय सुरू केलं, की तिचं दळण झालं, पीठ गार झालं, तरी ती हलंना. बाईला जिंदगीत पहिल्यांदा कुणी तरी असं थांबून विचारलं होतं.

मंग काय, गल्लीभर झालं. गिरणीत नर्स बोलते म्हणून बाया दळण नसताना याय लागल्या. कुणाची कंबर, कुणाचा पित्ताचा त्रास, कुणाला सांगता येईना असं बायकी दुखणं. मल्लम्मा औषध सांगायची न्हाय, डॉक्टरकडं जा म्हणायची, पण विचारायची सगळं. नाजूक सवाल करताना आवाज कसा खाली आणायचा, टाळणाऱ्या बाईला कसं धरून ठेवायचं, लांबण लावणारीला मधीच कसं थांबवायचं, हे रुद्रम्मा बाजूला उभी राहून शिकवत होती. सगळ्या बायांना तिनं आधी विचारून घेतलं होतं की पोरींनी ऐकलं तर चालंल का. एकीनंबी न्हाय म्हणलं न्हाय. वर्गातल्या बाकी पोरी आपापल्या चौकटीतून बघायच्या, आन् मंग त्यांच्यातलीच एकेक धीट होऊन विचाराय लागली.

मला तिनं सोडलं असंल व्हय? एक दिवस मीच पेशंट झाले. मल्लम्मा म्हणाली, आत्याबाई, बीपीची गोळी घेतली का? म्या म्हणलं, घेतली. कधी घेतली? सकाळी. काय खाऊन घेतली? म्या म्हणलं, भाकर खाऊन. ती म्हणाली, पण आत्याबाई, तुमी तर मघाशी सांगितलं की सकाळपासून निस्त्या च्यावर हाय. सगळी गिरणी हसाय लागली. पकडले गेले मी, सासू असून. घरी जाऊन मुकाट गोळी घेतली, आन् घेताना हसू आवरंना मला.

दुसऱ्यांदा बोलवलं तवा आमी दोघीबी एसटीनं नळदुर्गला गेलो. मल्लम्मा भावासंगट तिकडून आली. मोबाईलबाहेर आमी तिला पहिल्यांदाच बघत होतो. चांगली उंच निघाली. तिचे हात गार पडलेले. रुद्रम्मानं ते हातात घेऊन जरा वेळ धरले. आमाला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. आत जायच्या दाराला निस्ता पडदा, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

पहिला पेशंट एक शेतकरी, हाताला विळा लागलेला. मल्लम्मानं विचारलं, कधी लागला, विळा गंजलेला होता का, आधी इंजेक्शन कधी घेतलंय. बरं चाललं होतं. मंग एक सासू-सून आल्या. सून कोवळी, पोट धरून वाकलेली. मल्लम्मानं सुनेला विचारलं, कुठं दुखतंय? उत्तर सासूनं दिलं. कधीपासून? सासूनं दिलं. पाळी कधी आली होती? तेबी सासूनंच दिलं. म्हणाली, तिला काय कळतंय, मला विचारा.

मी रुद्रम्माकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतलेले आन् पदराचं टोक मुठीत आवळलेलं. समोर सासू उभी, मोठ्या आवाजाची, आन् आमी या पोरीला किती तरी दिवस असल्याच आवाजापुढं मान खाली घालायला शिकवलेलं. आता ही व्हय म्हणाली की सगळं गेलं, हे आमा दोघींना कळत होतं.

मल्लम्माचा आवाज आला. चढलेला न्हाय, पडलेला न्हाय.

“मावशी, तुमी जरा बाहेर बसा. दुखतंय यांना, मी यांनाच विचारते.”

सासू काही तरी पुटपुटली. मल्लम्मानं तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. पडदा हलला आन् ती बाई तणतणत बाहेर आली, माझ्या शेजारी येऊन बसली. मंग त्या कोवळ्या सुनेचा आवाज आला, आधी तुटक, मंग एकदम मोकळा, आन् मधी मधी मल्लम्माचं हळू हळू विचारणं. डॉक्टरीणबाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मंग टेबलापाशी नावं लिहिणाऱ्या माणसाला सांगितलं, सोमवारपासून हिचं नाव हजेरीत घे.

माझ्या शेजारची सासू अजून तणतणतच होती. म्हणाली, कुठनं आणलीय ही पोरगी? सासूला उठवून बाहेर काढती म्हंजे काय? कुणी शिकवलंय असलं?

मी तोंड उघडलं होतं. असली सासू समोर आल्यावर मी सोडते व्हय? पण माझ्याआधी रुद्रम्मा उठून उभी राहिली, त्या भरल्या दवाखान्यात, सगळ्या माणसांसमोर, अनोळखी बाईच्या डोळ्यात बघून.

“म्या शिकवलंय,” ती म्हणाली. “आन् तुमच्या सुनेला शिकायचं असंल, तर तिलाबी शिकवीन.”